भेगेतले रुपये

शिबिरात पाळकसाहेबांनी फळ्यावर लिहिलं होतं
मोठ्या अक्षरात: बालसेवेचा पाया.
खाली रेघ, रेघेखाली मुद्दे.
मी सगळे उतरवून घेतले,
परतवाड्याहून येताना एसटीत
वही छातीशी धरून बसले.
त्या वहीच्या मागच्या पानांवर आता
दुधाचा हिशेब आहे.

आमचं मंदिर म्हणजे टिनाची एक खोली,
पूर्णेकाठच्या काळ्या मातीत उभी.
उन्हाळ्यात जमीन फाटते, चप्पल आत जाईल एवढी,
आणि भेग उंबऱ्याखालून
सतरंजीखालून
थेट वेदीपर्यंत येते,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.

रविवारी नऊला पोरं जमतात.
एस्तेर खंडारे, कडेवर शेंबडा भाऊ.
पलीकडच्या आळीतली तिघं, त्यांच्या घरी आमचा देव नाही,
पण आमचा चिवडा त्यांना आवडतो.
पंधरा वर्षांचा योशिया दारातच उभा,
आत येत नाही, जातही नाही.
दार मी उघडंच ठेवते.
मुद्द्यांतला तेवढा एक लक्षात राहिला.

मिठाचा धडा मी इथे घेत नाही.
खारपाणपट्ट्यातली पोरं मीठ म्हटलं की
आधीच तोंड वाकडं करतात.

त्या रविवारी दोन घरांची गोष्ट होती.
फ्लॅनेलच्या फळ्यावर वाळू चिकटवली,
खडक शोधला, तर खडकच हरवलेला.
जुन्या स्वेटरची बाही कापून लावली.
पूर आला, वारा आला,
मी दोन्ही हात हवेत घेऊन वादळ झाले होते
तेव्हा गवंड्याचा प्रणय उठला:
"बाई, आपल्या गावात खडक कुठी हाये?
चाळीस फूट खंदा, कायी मातीच लागते.
वाळूबी नाही.
मंग आपुन सारे शायने का येडे?"

पोरं हसली. योशियाही हसला, दारातून.
मी हात खाली घेतले.
म्हटलं, बाबाले विचारून ये.

तर पुढच्या रविवारी बाबाच आला.
सुपडाजी, चपला बाहेर काढून, आत न शिरता:
"कायी माती इमान राखत नाही, बाई.
पाण्यानं फुगते, उनानं आकसते.
चार-पाच फूट काढून टाका तिले, मुरूम भरा,
पाणी मारा, धुम्मस मारा.
मंग एक पावसाया जाऊ द्या."
अख्खा पावसाळा?
"बसू द्या ना त्याले. घाई केली
तं भेग पयले लेकराच्या खोलीतच निंगते."

अठरा वर्षं शिकवते मी.
कितीतरी पोरांवर एकाच उन्हाळ्यात भिंती चढवल्या:
पाठांतर, बक्षिसाची पेन्सिल, नाताळचं नाटक, टाळ्या.
मेंढपाळ झालेला एक जण आता पुण्यात असतो.
त्याची आई म्हणते, तिलाही फोन करत नाही.

मार्चात फरशी उकरली.
सुपडाजीने पहार घातली. घमेली योशिया उचलत होता,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
वेदीच्या हातभर अलीकडे
मातीतून रुपया निघाला. मग दुसरा.
मग ओंजळभर, काळे पडलेले.
दोन गोट्या. शर्टाचं बटण.
आणि फ्लॅनेलचा खडक, घडी घातलेला.

मी एस्तेरकडे पाहिलं.
ती भावाचं नाक पुसत राहिली.
"पिशवीत टाकलं तं मोजतेत," ती म्हणाली,
"खाली टाकलं तं ऱ्हायते."
आणि हा?
"मागच्या साली सांगतलं होतं ना तुमीच.
खाली खडक पायजे."

सुपडाजी पहार टेकून उभा.
"काढू का हे?"
मी म्हटलं, मुरूम टाका वरून.

योशिया घमेलं घेऊन आला.
उंबरा काढून ठेवलेला होता,
त्यामुळे तो आत उभा आहे की बाहेर
ते काही सांगता येत नव्हतं.