चार मिनिटं पुढे

शाहूपुरी सहावी गल्ली, पतसंस्थेचा पहिला मजला,
शनिवारी रात्री साडेदहा.
वसगडेकरमामांनी शटर अर्ध्यावर ओढलं,
विचारलं, किती वेळ लागंल?
म्हटलं, तुम्ही झोपा.

जुना सर्व्हर स्टुलावर आहे.
एकोणीसच्या पुरात दोघांनी उचलून वर आणला,
पाणी ओसरलं, तो खाली उतरलाच नाही.
उजव्या कुशीवर अजून गाळाची रेघ
आणि हळदकुंकवाची बोटं,
दर खंडेनवमीला एक,
एकावर एक वाळलेली.

नवा पुण्याहून आलाय, थर्माकोलमधून.
त्याला अजून कुणी ओळखत नाही.

आधी त्याला नाव दिलं, घरात घेतलं.
मग जुन्याला म्हटलं, तुला ठाऊक आहे ते सगळं याला सांग.
तो सांगत बसला.
एक्केचाळीस माणसं, त्यातली नऊ निवृत्त, दोन वारलेली,
कुणाला कुठलं कपाट उघडतं, कुणाला नाही,
सोनेतारण, पिग्मी एजंटांच्या याद्या,
'वसुली जुनी', 'वसुली जुनी खरी', 'वसुली जुनी खरी शेवटची',
आणि कोपऱ्यातला प्रिंटर,
जो जगात फक्त यालाच जुमानतो.
हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती.
मी डबा उघडला.

मग जबाबदाऱ्या. पाच.
त्या हातातून हातात द्यायच्या असतात.
हिसकावायचीही आज्ञा आहे, पण ती मेलेल्याकडून.
हा जिवंत आहे,
विचारलं की जरा घरघरतो आणि हो म्हणतो.
पहिली दिली. दुसरी दिली.
नव्या माणसांना क्रमांक वाटायची, तीही.
चौथी वेळेची.
सगळ्या टेबलांवरची घड्याळं
याच्या तोंडाकडे बघून आपली वेळ लावतात.
आणि हा चार मिनिटं पुढे.

बॅटरी ठीक होती.
कुणीतरी मुद्दाम केलेलं, हाताने.

भूपाल मगदूमांना फोन लावला. दहा साली त्यांनीच बसवला हा.
आता शिरोळला असतात. जागेच होते.
"चार मिन्टं? व्हय, मीच केलती.
राजमती कॅशला होती न्हवं?
सहाची मुरगूड गाडी रोज चुकायची तिची.
सायेब घड्याळ बघून सोडणार, मिन्टभर आधी न्हाई.
म्हटलं, मग घड्याळालाच सांगू."

पाच का नाही केली?
"पाचाच्या वर गेलं की बाहेरची मशिनं
आत घेत न्हाई त्यो. चारात भागतंय पोरी."

आणि राजमतीबाई?
"रिटायर होऊन सात वर्सं झाली की.
ती गाडीबी बंद झाली, कोरोनात."

मग काढू, काका?

पलीकडे जरा वेळ नुसतं कुत्र्याचं भुंकणं.
"काढ की," म्हणाले. "तुझं काम हाय त्ये.
चहा घेटलास काय?"

चौथी दिली.
खोलीतल्या सगळ्या पडद्यांवर
अकरा अठ्ठावन्नचे अकरा चोपन्न झाले,
एकापाठोपाठ एक, कुणी हलक्या हाताने पान उलटावं तसे.
ती चार मिनिटं दुसऱ्यांदा आली.
त्यात मी काहीच केलं नाही.
खिडकीतून स्टँडकडचा रस्ता दिसतो,
तिथे एक रिकामी एसटी वळण घेत होती,
दिवे लावून, आत फक्त कंडक्टर.

पाचवी पावणेएकला.
प्रिंटर मात्र नव्याला अजिबात बधला नाही,
तीन वेळा कोरा कागद काढला,
चौथ्यांदा 'चाचणी' असं छापलं, तेही तिरकं.

तीनला जुन्याकडे मागण्यासारखं काही उरलं नाही.
बंद केला.
पंखा एकदम थांबला नाही,
दोन-तीनदा फिरला उगीच.
मामा खालून म्हणाले, लाईट गेली काय?

सोमवारी सायंकाळी कॅशवरच्या मुलाचा फोन.
"तरन्नुम मॅडम, नवा सर्व्हर स्लो वाटतोय.
आज सहा वाजंनातच की."