खांद्यापर्यंत

रविवारी रात्री आठला चगांच्या घरी
आम्ही टीव्हीपुढे बसलो.
डेन्झिल, ग्वेन्डा, त्यांचा बहिरा कुत्रा,
आणि मी, जनावरांची डॉक्टर,
नुसत्या मोज्यांवर. बूट दाराबाहेर,
हा नियम डेव्हनातही आहे.

मालिकेत गोठा ह्यांचाच.
मार्चमध्ये सहा दिवस भाड्याने दिलेला.
त्या सहा दिवसांत दोन महिन्यांच्या दुधाहून जास्त मिळाले
हे डेन्झिलने मला दोनदा सांगितलं होतं,
दोन्ही वेळा जमिनीकडे बघत.

"आपलं फाटक!" ग्वेन्डा म्हणाली.
होतं फाटक. पण निळं रंगवलेलं,
आणि सुतळीने बांधलेली कडी काढून
पितळेची बसवलेली.
जाताना ती कडी काढून घेऊन गेले.
सुतळी आता ग्वेन्डाने नवी बांधलीय.

नटाचे बूट इतके स्वच्छ
की त्यांत छप्पर दिसत होतं.
शेणाचा एकच पो, बरोबर मधोमध,
त्याने पाय द्यावा आणि देशाने हसावं म्हणून.
"दोनशे गायी आणि एक पो," डेन्झिल म्हणाला,
"कळपाला बद्धकोष्ठ झालंय. डॉक्टर, काहीतरी द्या."

मग अडलेली गाय.
पहाटेचे तीन, पायाळू वासरू, वादळ
(वादळ अग्निशमन दलाच्या जुन्या बंबातलं).
नटी गुडघ्यांवर, ओले केस, आवळलेले दात.
चेहऱ्यावरून कॅमेरा खाली उतरतो
आणि दिसतो गायीत खांद्यापर्यंत गेलेला हात.

तो हात माझा.
दुपारचे दोन वाजले होते, सगळे सँडविच खात होते,
आणि गाय कुणाचं वेळापत्रक वाचून वीत नाही.
दिग्दर्शक धावत आला. फार सभ्य माणूस.
"हातमोजा जरा वर घ्याल?" म्हणाला.
घेतला. "अजून थोडा?"
बाही आणि मोजा ह्यांच्यामध्ये
चार बोटं माझी कातडी दिसत होती.
रंगाबद्दल कुणी काही बोललं नाही.
मी मोजा काखेपर्यंत ओढला
आणि वासराचे मागचे खूर शोधले.

बार्शीहून आईचा फोन :
"सगळं बघितलं गं, तू कुठं होतीस?"
"आत होते," म्हटलं.

शेवटच्या भागात क्षयाची तपासणी.
टीव्हीवर निकाल लगेच लागतो.
आम्ही सुई टोचून तीन दिवस थांबतो,
मग मानेवरची गाठ कॅलिपरने मोजतो.
व्हायोलिन सुरू झालं. नटाने भिंतीवर मूठ आपटली,
टोपी फेकली, आभाळाकडे बघून ओरडला.
नटी रडली, सुंदर रडली.

दोन वर्षांमागे, नोव्हेंबरात, ह्याच गोठ्यात
मी मिलिमीटर सांगत होते, ग्वेन्डा लिहीत होती.
अकराव्या गायीला ती म्हणाली, "पेन संपलं. दुसरं आणते."
आणि डेन्झिलने मला विचारलं, चहात साखर किती.
सात वर्षं माझा चहा करणारा माणूस.
त्याने तीन चमचे घातले. मी प्याले.
एवढंच झालं.
ह्याचा भाग होत नाही.

आता मी वाट बघत होते, हा हसेल,
म्हणेल, काय थोतांड आहे.
तो हसला नाही.
नट ओरडून दमेपर्यंत बघत राहिला,
आणि जाहिराती लागल्यावर म्हणाला,
"असंही करता आलं असतं."

कुणीच काही बोललं नाही.
पडद्यावर एका पेल्यात दूध
फार सावकाश पडत होतं.
"कालवड बघून येतो," म्हणत तो उठला.
मागच्या अंगणात पाण्याच्या पाइपचा आवाज आला,
बराच वेळ येत राहिला.

निघताना दाराशी माझे बूट
धुतलेले, जोडीने लावलेले,
त्यांत दिव्याचा उजेड दिसत होता.
घातले.
डाव्यात थोडं पाणी राहिलं होतं.