तेविसावी

कणकुंबीच्या सड्यावर पाहुणे येतात
गवा बघायला. माणशी बाराशे,
नाचण्याची भाकरी आणि ताक धरून.

पहाटे धुक्यात एकजण कुजबुजला: गवा!
सगळे दगडाआड बसले. मीपण बसलो,
पैसे घेतलेत ना.
ती आमची चंद्री होती.
धारेची वेळ झाली म्हणून
आई हाका मारत आली
आणि कॅमेरे गप झाले.

रात्री सोलरच्या दिव्याखाली फोटो बघताना
धाकलूमामा बोट ठेवून म्हशी मोजत गेला,
सवयच त्याला.
घरच्या बावीस.
परत मोजल्या.
तेविसावीच्या पायांत
गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे.

कुणीच बोललं नाही.
मामा उठला,
अंगणातली मिठाची परात
जरा लांब, रानाकडे सरकवून आला.