मिनिटाला आठ थेंब

ड्यूटीवरून येताना पिशवीत सलाईनची रिकामी बाटली असते,
नळीसकट, सुई काढून.
गेटवरचा खाजामियाँ आता विचारत नाही.
पहिल्यांदा विचारलं होतं,
"सिस्टर, घरी कोण आजारी?"
मी म्हटलं, तीन मिरच्या.

अंगदने तेजपूरहून सात बिया पाठवल्या,
कागदाच्या पुडीत, वर पेनाने:
हात धुणे. डोळ्याला लावू नये.
माझ्या भावाने मला लिहिलेलं
हे आजवरचं सगळ्यात लांब पत्र.

ओल्या गॉजमध्ये गुंडाळून सेट-टॉप बॉक्सवर ठेवल्या,
बातम्यांच्या उबेत.
नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी एकीने शेपूट काढलं, मग दोघींनी.
उरलेल्या चारांचीही वहीत नोंद केली.
सवय आहे.

उदगीरच्या आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
गच्चीवर रंगाचे तीन डबे, त्यात काळी माती,
ओली झाली की चपलेसकट पाय धरणारी,
म्हणून वाळू, राख, घरमालकाच्या म्हशीचं जुनं शेण.
काठीला बाटली उलटी टांगली,
चाक फिरवून थेंब बसवले, मिनिटाला बारा,
आणि सवयीनेच रोपाला म्हटलं,
हात हलवायचा नाही.

लोचनबाई पापड वाळवायला वर आल्या.
"काय करलालाव ताई? एवढे लाड?
मिरची तहानली की तिखट व्हती बगा."
मला टँकरच्या दिवशीची आमची गल्ली आठवली.
चाक आवळलं. आठ थेंब.

मग बोकड्या आला.
एकीची पानं मुठी वळाव्यात तशी वळली.
आंबट ताक मारलं, राख फुंकली,
लोचनबाईंनी तर दृष्टही काढली,
मिरचीची, मिरच्यांनीच.
नाही वाचली.
उपटताना माझी दोन बोटं देठावर गेली,
जिथं मनगट असतं तिथं.

दुसरीची फुलं गळाली.
तिसरीवर, दसऱ्याच्या आसपास, एकच:
सुरकुतलेली, फुगीर,
रागावलेल्या म्हाताऱ्याच्या नाकासारखी.
रात्रपाळीला निघताना टॉर्च मारून बघायचे
अजून किती लाल.

तेव्हा बेड अकराला व्यंकट बिराजदार.
ताप उतरून आठवडा झालेला, रिपोर्ट चांगले,
पण ताट जसंच्या तसं परत.
"तोंडाला चवच न्हाई ताई.
नख लावून चुना चाटून बगितलो,
चुनाबी लागंना."
त्याची बायको भाकरीचा तुकडा धरून बसायची,
कडक होईपर्यंत.

तोडली.
तांदळाच्या कणीएवढी घेतली,
शेंगदाण्याचं कूट, लसूण, मीठ.
नियम मला पाठ आहेत.

त्याने लावलं, चावलं.
आधी काहीच नाही.
मग कान लाल, मग कपाळ,
मग डोळ्यांतून, नाकातून,
मग अख्ख्या वॉर्डाला जाग येईल अशी एक शिवी,
माझ्या नावाने की मिरचीच्या, कळलं नाही.
बेड नऊ हसता हसता खोकू लागला.
व्यंकटने तांब्याभर पाणी संपवलं, तोंड पुसलं,
"आजून हाय का?"

सकाळी डॉक्टरांनी झापलं. लेखी द्या म्हणाले.
दिलं:
रुग्णाने पहाटे सव्वातीनला एक भाकरी खाल्ली.

हात तीनदा धुतले होते,
साबणाने, तेलाने, परत साबणाने.
तरी घरी येताना रिक्षात डोळा चोळलाच.
देगलूर रोड मी एका डोळ्याने पाहिला,
दुसऱ्याने अंगदची पुडी वाचत आले.

गच्चीवरची बाटली रिकामी झालेली.
मिरची चिरून बिया मोजल्या. एकोणतीस.
अकरा वेगळ्या काढल्या, बिराजदाराच्या बायकोला,
डिस्चार्जच्या कागदासोबत द्यायला.
पुडीवर लिहिलं: हात धुणे.
पुढची ओळ लिहिली नाही.
कळेल.