चाळीस अंश, पंच्याहत्तर टक्के

कपाटाहून जरा मोठी खोली. आत बारमाही चाळीस अंश,
आर्द्रता पंच्याहत्तर टक्के.
तुर्कूत असलं हवामान कुणी पाहिलेलं नाही;
ते लांबच्या कुठल्याशा बंदरातून उसनं आणलंय,
जिथे ही गोळी विकली जाईल
पत्र्याखालच्या दुकानात, उन्हाकडे तोंड करून.

गोळीने आधी इथे ते ऊन सोसून दाखवायचं.
जानेवारीत ठेवली. एप्रिलमध्ये तुलिक्की हातमोजे चढवते,
एक बाटली काढते, झाकण फिरवते,
आणि यंत्राआधी नाकाला कळतं:
आंबूस. शिरक्यासारखं.
म्हणजे दमट हवा आत शिरली,
रेणूचं एक टोक तुटलं.

कागदावर मोठं शिखर, नेहमीचं.
त्याच्या कुशीत एक टेकाड, जानेवारीत नव्हतं.
मूळ औषध अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक,
टेकाड शून्य पूर्णांक नऊ.
बेरीज नव्याण्णव.
उरलेला एक?
'गेलं ते कुठेतरी असतंच,' ती म्हणते,
आणि शोधत बसते, किराण्याच्या हिशोबात रुपया चुकल्यासारखी:
झाकणातल्या चकतीत, कापसाच्या बोळ्यात,
बाटलीच्या अंगात.
वासालाही वजन असतं,
ते तेवढं ताळ्यात धरायचं राहून जातं.

मग जूनमधली ती रात्र, रात्र म्हणण्याइतकीही नसलेली.
सगळं शहर तळ्यांवर, बेटांवर पांगलेलं.
दहा चाळीसला फोनवर खोलीची हाकाटी:
आर्द्रता एकसष्ट. साठ. अठ्ठावन्न.
तुलिक्की सायकलवर आली.
ओइवा आधी होडीने, मग मेव्हण्याच्या गाडीने,
सौनातून थेट; केस ओले, कान लाल,
मानेवर बर्चचं पान चिकटलेलं, त्याच्या गावीही नाही.

टाकी कोरडी होती. एवढंच.
तपासणीच्या तक्त्यावर सही होती, टाकीत पाणी नव्हतं.
सही कुणाची ते दोघांनी वाचलं.
ओइवाचे कान आणखी लाल झाले.

कॅनने पाणी ओतलं, आकड्याकडे बघत उभे राहिले.
बाहेर मध्यरात्र, आकाश निवळीसारखं फिकट.
आत त्रेसष्ट. अडुसष्ट.
'याला काय सौना म्हणायचं,' ओइवा पुटपुटला,
'दगड नाहीत, बाक नाही, गप्पा नाहीत.'
तरी दार लावायची घाई कुणी केली नाही,
मग तिनेच कोपराने ढकललं.

अहवालात लिहिलं:
विचलन, दोन तास पाच मिनिटं. कारण, मानवी.
जमिनीवर एक पान आढळलं, ओलं, हिरवं.
पिशवीत घालून क्रमांक दिला आहे.

जुलैत गोळी नापासच झाली. टाकीमुळे नव्हे,
तिच्या स्वभावानेच.
आता बाटली रद्द, प्रत्येक गोळीला ॲल्युमिनियमचं वेगळं घर,
आणि पुन्हा महिना शून्य.

पान अजून फायलीत आहे,
खोलीच्या बाहेर, साध्या टेबलाच्या खणात.
तपकिरी होत चाललंय आपल्या सवडीने.
त्याची बेरीज तुलिक्कीने अजून मांडलेली नाही.