पाचवा खण

कचेरीच्या जिन्याखाली, जिथं पूर्वी खडूची खोकी असायची,
तिथं आता आठ डिस्कांचं कपाट गुरगुरतं.
परभणीत बाहेर चव्वेचाळीस, आत अठरा.
मारोती शिपाई डबा घेऊन इथंच येतो,
म्हणतो, मॅडम, मशिनीच्या नशिबानं आमालाबी थंडी.

कालपासून पाचव्या खणाचा दिवा पिवळा.

बंद करायचं नाही काहीच.
खटका दाबायचा, ट्रे दोन बोटं पुढं घ्यायचा
आणि थांबायचं.
आतली तबकडी अजून फिरत असते,
तिला कळलेलं नसतं आपल्याला काढलंय.
घाई करून उचललं तर मनगटाला हिसका बसतो,
तळहातावर घेतलेल्या भोवऱ्यासारखा.
तीस आकडे मोजायचे. मग बाहेर.

तेवढ्यात खिडकीवर कुणी फेरफार मागतं
आणि तो निघतो, शिक्क्यासकट,
जरासा उशिरा.

टेबलावर दुसरं काम:
जुनी, रुंद पट्टीची डिस्क, चाळीस पिनांची,
त्यातली एक मुद्दामच नसलेली,
उलटी लागू नये म्हणून.
हिला चालू असताना हात लावायचा नसतो.
मी लावला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी.
एक टिचकी, जळका वास,
आणि मानवतकडची अकरा गावं गेली.
उन्हाळाभर पुन्हा स्कॅन करत बसले.

तेव्हा ओरडले नाहीत ते एकटे वजीरोद्दीन मुन्शी.
निजामी अमलातले उर्दू कागद
ते कागदाला बोट न लावता वाचायचे,
लाकडी पट्टी ओळीखाली सरकवत,
आणि मला मराठीत सांगायचे, लिही:
मशरिकला ओढा, म्हणजे उगवतीला.
एकदा 'उफ्तादा'पाशी दोन दिवस अडले.
मी म्हटलं, पडीक लिहू?
म्हणाले, पडीक नक्को बेटा. पडलेली.
पडलेली उठती.

अडॅप्टर पहिल्यांदा पाहिला तेव्हा
हातात घेऊन खालीवर केला त्यांनी.
इकडून जुनं तोंड, इकडून नवं,
मी सांगितलं, हा मधे बोलतो, साठवत काही नाही.
'हौ? मंग मी हे नव्हे,' म्हणाले,
'माझ्यापाशी राहून जातंय सगळं.'

फेब्रुवारीत त्यांची खुर्ची रिकामी झाली.
दुसऱ्या दिवशी खिडकी दहालाच उघडली.

पडद्यावर ओळ आहे: चालू, एक कमी.
उरलेल्या सात आपसात हिशेब करून सांगतात
आठवीत काय होतं.
नक्कल नसते कुणाकडं,
वजाबाकी असते.
मीही तसंच करते हल्ली,
न लागणारा शब्द मागच्यापुढच्या शब्दांतून काढते.
कधी चुकते. कुणाला कळत नाही,
हेच जास्त लागतं.

नवी डिस्क हैदराबादहून आलीय, बसवलीय.
एकसष्ट टक्के.
मारोती विचारतो, झालं का वो?
होतंय, मी म्हणते, ताकाचा पेला इकडं नको ठेवू.

जुन्या डिस्कला अडॅप्टर लावलाय,
बाहेरून वीज, आधी दिलेली, यावेळी नीट.
निळा दिवा लुकलुकतोय. फाइली येताहेत,
गावामागून गाव.
दोनशे चौदाव्या पानाच्या कोपऱ्यात
स्कॅन झालेला एक अंगठा,
नखावर मेंदीचा उतरता रंग.

कागदाला बोट न लावणारे!

असे कोपरे कापून पान सरळ करायचा
लेखी नियम आहे.
मी दोनशे पंधरा उघडलं.