धार लावून मिळेल

शंभर फुटी रोडला, टायरच्या दुकानाशेजारी
यासीन शिकलगारनं अकरा स्क्रू काढले,
चुन्याच्या डबीच्या झाकणात ठेवले
आणि पोट उघडून म्हणाला,
'अक्का, ह्याला तर हळद लागलीय.'

पंख्याच्या पात्यांवर, जाळीत,
बोर्डाच्या हिरव्या गल्ल्यांतून
राजापुरी, शेलम, सगळी एक झालेली,
दहा हंगामांची.
सौद्याच्या दिवशी पोती फुटतात,
व्यापारी कांडी मोडून रंग बघतात
आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर
आडत, हमाली, तोलाई मांडत असते.
मला लागली नाही कधी.
ह्याला रोज.

त्यानं ब्लोअर मारला.
दुकान क्षणभर पिवळं झालं,
बाहेर गाडी पुसणारा पोरगा शिंकला.
मग पावतीच्या पाठीवर हिशेब:
रॅम आठ जीबी, सोळाशे.
एसएसडी, बावीसशे.
बॅटरी घातली तर अजून अठराशे,
नाही घातली तर वायर लावून बसा, आत्ता बसताय तसं.
बिजागरीला चिकटपट्टी होती, तिच्याकडं त्यानं नुसतं बघितलं.
नवा म्हटलं तर बेचाळीस हजार, हप्त्यानं.

'तुझा असता तर?' मी विचारलं.
यासीननं हात पुसले.
त्याचा आजा सायकलला सहाण बांधून हिंडायचा,
गावभाग ते मिरज,
विळ्या, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे.
'आजा म्हणायचा, धार लावून मिळंल,
पातं तेच ऱ्हाईल.'
आणि जरा थांबून,
'दोन वर्षं ओढंल. जास्तीचं बोलणार न्हाई.'

दोन वर्षं.
मी ती घरापर्यंत हातचा धरून आणली.

शेठांचा धाकटा, हर्षिल, पुण्याहून आल्यापासून
शेतकऱ्याची पट्टी फोनवरच करून दाखवतो,
कडता आपोआप वजा.
माझ्याकडं बघून हसतो, वाईट नाही मुलगा,
'काकू, तुम्हाला केवढी दगदग.'
परवा शेठांना म्हटलं, लॅपटॉप माझा आहे,
पण काम तुमचं, निम्मं देताय का दुरुस्तीचं?
म्हणाले, आत्ता खर्च नको, दिवाळीनंतर बघू काय ते.
लॅपटॉपबद्दल बोलत होते
असं मला त्या दिवशी वाटलं.

एकोणीसला पाणी गावभागात शिरलं
तेव्हा उशीच्या अभ्र्यात घालून
हाच डोक्यावर धरला होता मी, माळ्यापर्यंत.
पेढीतल्या वह्यांचा लगदा झाला.
ह्याच्यातली पट्टी न् पट्टी राहिली.
नंतर कुणी नाव काढलं नाही त्याचं,
मीही नाही.

रात्री आईच्या विळीवर कांदा चिरला.
इतक्यांदा धार लावलीय तिला
की पातं करंगळीएवढं उरलंय.
फणस जमत नाही आता तिला.
कांदा जमतो.
शून्याचं बटण झिजून कोरं झालंय लॅपटॉपचं,
बाकीचे आकडे अजून वाचता येतात.
दुसऱ्यांच्या रकमांना शेवटी शून्यंच फार.
तिसऱ्या गल्लीतल्या मसाला करणाऱ्या बायका
गेल्या वर्षी विचारत होत्या,
आमचे हिशेब बघाल का, पैसे देऊ थोडेफार.
मी वेळ नाही म्हटलं होतं.

सकाळी यासीन शटर वर करत होता.
'रॅम टाक,' मी म्हटलं, 'एसएसडी टाक. बॅटरी पण.'
'बॅटरी कशाला? आडतीत टेबलाशी प्लग हाय की.'
'आडतीत आहे.'
त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग स्क्रूंचं झाकण जवळ ओढलं.

'पावती कुणाच्या नावानं? शेठांच्या?'
'नको. सुलभा उपाध्ये.'
तो लिहायला लागला, उपाध्याय.
'ध्ये,' मी म्हटलं. 'शेवटचा य काढ.'